रात्री एकला उतरणारा ब्लॉक

तासगावजवळच्या एका गावातून एका मुलाचा प्रश्न आला आहे. आईचं वय ५४, गाठींमुळे गर्भपिशवी काढायची आहे, पोट उघडून, मिरजेत. गेली नऊ वर्षं मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की कमरेतून भूल देऊ आणि शेवटी पोटाला 'ब्लॉक' देऊ, म्हणजे नंतर दुखणार नाही. पण गेल्या वर्षी त्याच्या चुलत वहिनीलाही असाच ब्लॉक दिला होता. संध्याकाळी ती हसून-खेळून बोलत होती आणि रात्री एकच्या सुमाराला असं दुखायला लागलं की सकाळपर्यंत घरातलं कुणी झोपलं नाही. त्याचा प्रश्न असा: "ब्लॉकमध्ये आणखी एक औषध मिसळून तो दोन दिवस पुरवता येतो असं वाचलं. मग तसं का करत नाहीत? आम्ही मागून घ्यायचं का?"

सांगली-मिरजेत भूल देण्याचं काम मी २२ वर्षं करते आहे, आणि यातला रात्रीचा एक हा आकडा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ब्लॉक लांबवता येतो. काही तास नक्की, दोन दिवस एका सुईत नाही. आणि वहिनींची ती रात्र बहुधा ब्लॉक लवकर उतरल्यामुळे वाईट गेली नसावी. तो उतरला तेव्हा अंगात दुसरं काहीच औषध नसावं, हे जास्त संभवतं.

आधी ब्लॉक म्हणजे नेमकं काय करतो ते बघा. पोटाच्या बाजूच्या भिंतीत एकाखाली एक असे तीन स्नायू असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या फटीतून त्या भागाच्या संवेदना नेणाऱ्या नसा पाठीकडून पुढे येतात. त्या फटीत औषध सोडलं की त्या बाजूची कातडी, स्नायू आणि पोटाचा आतला पडदा बधिर होतो. हा टॅप ब्लॉक. २००१ साली रफी नावाच्या डॉक्टरांनी तो प्रथम मांडला तेव्हा कमरेवरची एक त्रिकोणी जागा बोटाने चाचपून, सुई स्नायूंवरचा पडदा भेदते त्याचा हाताला लागणारा 'टक' ओळखून द्यायचा असे. २००७ पासून सोनोग्राफीखाली देण्याची पद्धत आली. आम्ही आता तसाच देतो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर ते तीन थर भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसे दिसतात, मधला सगळ्यात जाड. सुई तिरकी आत जाते. आधी एक-दोन मिली नुसतं सलाईन सोडते. जागा बरोबर असेल तर दोन थर अलगद सुटतात आणि मध्ये डोळ्याच्या आकाराची काळी फट उघडते. जागा चुकली असेल तर फट उघडत नाही, स्नायूच फुगल्यासारखा दिसतो. मग सुई मिलिमीटरभर पुढे-मागे. त्या तिसऱ्या थराच्या खाली आतडी हलताना दिसत असतात, म्हणून घाई नाही. हे मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण ब्लॉक लवकर उतरला अशी तक्रार येते तेव्हा कित्येकदा तो धड लागलेलाच नसतो. स्नायूत गेलेलं औषध रक्तात लवकर ओढलं जातं. मिसळायच्या औषधाचा विचार त्यानंतरचा.

चांगला लागलेला, नुसत्या बुपिव्हाकेनचा, म्हणजे नस बधिर करणाऱ्या औषधाचा, ब्लॉक साधारण ८ ते १२ तास चालतो. कुणाला त्याहून जास्त, कुणाला सहाच तास. आईंचं ऑपरेशन सकाळी ११ ला सुरू झालं आणि साडेबाराला ब्लॉक दिला, तर तो रात्री साडेआठ ते साडेबाराच्या दरम्यान कधीतरी पातळ व्हायला लागणार. म्हणजे नातेवाईक जेवून आडवे झालेत, वॉर्डात एकच सिस्टर आहे, डॉक्टर घरी गेलेत. दुखणं निवडून वाईट वेळी येतं.

मग औषध वाढवून का देत नाही? इथे आकडेमोड करून दाखवते, कारण हे कुणी सांगत नाही. समजा बाईंचं वजन ५२ किलो. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोला २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे १०४ ते १३०. पाव टक्क्याचं द्रावण म्हणजे एका मिलीत अडीच मिलिग्रॅम. दोन्ही बाजूंना २० मिली प्रमाणे ४० मिली दिलं की १०० मिलिग्रॅम झाले. संपला हिशेब. कमरेतल्या भुलीत गेलेले पंधरा-एक मिलिग्रॅम आणखी धरा. आणि अशात सर्जनने प्रेमाने टाक्यांच्या कडेनेही २० मिली टोचलं तर आणखी ५० मिलिग्रॅम, म्हणजे १६५. मर्यादा कधीच ओलांडली. जास्त झालेलं औषध रक्तातून मेंदू आणि हृदयाकडे जातं: ओठाभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, मग झटके, आणि वाईट झालं तर हृदय बंद. त्यावर उपाय आहे, २० टक्के चरबीचं पांढरं सलाईन, पहिला डोस किलोला दीड मिली. ब्लॉक देतो तिथे ती बाटली हाताशी असलीच पाहिजे. पण ती वापरायची वेळ आणू नये. म्हणून ब्लॉक देण्याआधी मी सर्जनला मोठ्याने विचारते, "सर, तुम्ही काही टोचणार आहात का?" तेही आता सवयीने आधीच सांगतात.

तेव्हा डोस वाढवून नाही, तर जोडीला दुसरं काही घालून वेळ वाढवायची. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना बघितली असेल तर कळेल. तार तीच, घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवतात आणि सूर लांबतो. दोरा स्वतः वाजत नाही. जोडऔषधांचं काम असंच. पण दोरा चुकीच्या जागी बसला तर सूर फाटतो, तेही खरं.

पहिलं जोडऔषध डेक्सामेथासोन. स्वस्त, प्रत्येक दवाखान्यात असतं, ४ ते ८ मिलिग्रॅम. हाता-पायाच्या नसांच्या ब्लॉकमध्ये त्याने सहा ते आठ तास जास्त मिळतात, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. पोटाच्या ब्लॉकमध्ये फायदा तेवढा ठाम नाही. मला साधारण चार-पाच तास जास्त मिळतात. चार-पाच तास ऐकायला किरकोळ वाटतात, पण आपल्या हिशेबात रात्री साडेबाराचे पहाटेचे पाच होतात, आणि पहाटे पाचला माणसं उठलेली असतात.

गंमत म्हणजे हे औषध ब्लॉकमध्येच मिसळावं लागतं असं नाही. शिरेतून दिलं तरी ब्लॉक जवळपास तितकाच लांबतो, वर मळमळ-उलटीही कमी होते. नसेजवळ देण्यासाठी त्या औषधाला अधिकृत मान्यता नाही. मिसळणारे चांगले डॉक्टर आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी मात्र शिरेतूनच देते. आणखी एक कारण आहे: बुपिव्हाकेनऐवजी रोपिव्हाकेन वापरत असाल आणि त्यात डेक्सामेथासोन मिसळलंत तर बारीक स्फटिक तयार होतात. सिरिंज उजेडात धरली की कधी दिसतात, कधी दिसतही नाहीत. नसेच्या शेजारी वाळू कशाला सोडायची? शिरेतून देताना एकच काळजी. जाग्या माणसाला भरकन दिलं तर खाली जांघेत अशी काही खाज-जळजळ सुटते की माणूस टेबलावरून उठायला बघतो. कमरेतली भूल चढल्यावर, सावकाश दिलं की प्रश्न येत नाही.

आता आईंच्या मधुमेहाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. साखर लगेच नाही, काही तासांनी चढायला लागते आणि साधारण दिवसभर चढी राहते. साखर आटोक्यात असेल तर मी ४ मिलिग्रॅम देते, आठ नाही, आणि रात्रीपर्यंत दर चार तासांनी बोटातून साखर बघायला लिहून ठेवते, वाढली तर किती इन्सुलिन द्यायचं तेही लिहून. तीन महिन्यांची साखर सांगणारी ती एचबीए१सी तपासणी जास्त आली असेल, किंवा सकाळचीच साखर अडीचशेच्या वर असेल, तर देत नाही. चार तास कमी दुखावं म्हणून टाके पिकण्याचा धोका मी घेणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी स्वतःहून हे औषध नाकारलं, तर ते कंजुषी करताहेत असं समजू नका.

दुसरं औषध डेक्समेडेटोमिडीन. नाव लांबलचक, आम्ही 'डेक्समेड' म्हणतो. नावातल्या सारखेपणामुळे नातेवाईक दोन्हींत गोंधळ करतात, एकदा एका नव्या सिस्टरनेही केला होता, म्हणून मी कागदावर पूर्ण नाव लिहिते. हे मुळात आयसीयूत माणसाला शांत झोपवण्याचं औषध. किलोला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम ब्लॉकच्या द्रावणात मिसळलं की नस पुन्हा संदेश पाठवायला उशिरा तयार होते. साखर वाढत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, झोप येते. कमरेतल्या भुलीने रक्तदाब आधीच खाली असतो, त्यात ही भर. ज्यांना रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू आहे त्यांची नाडी मुळातच ५५-६० असते. त्यांच्यात मी हे टाळते. आईंना मधुमेहाखेरीज रक्तदाबाची गोळी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर गोळीची पट्टीच डॉक्टरांना दाखवा. "पांढरी, छोटी" एवढ्यावरून काही कळत नाही. नाडी चांगली असेल आणि ऑपरेशननंतर चार-सहा तास मॉनिटर लावून ठेवायची सोय असेल, तर मधुमेही माणसात मी डेक्सामेथासोनपेक्षा हे आधी निवडते.

बाकीची थोडक्यात. ॲड्रिनालिन मिसळलं की औषध रक्तात हळू जातं आणि सुई चुकून शिरेत गेली तर नाडी उसळून इशारा मिळतो. सुरक्षिततेसाठी उपयोगी, पण बुपिव्हाकेनचा वेळ त्याने फारसा वाढत नाही. बुप्रेनॉर्फिनने वेळ वाढतो, पण उलट्या होतात, आणि पोटावर टाके असताना उलटीसारखी शिक्षा नाही. मॅग्नेशियमवर अभ्यास भरपूर आहेत, पण मी ते सोडून दिलं. चरबीच्या बारीक कणांत भरलेलं, हळूहळू सुटणारं बुपिव्हाकेन अमेरिकेत २०११ पासून आहे. तुम्ही वाचलेले 'दोन-तीन दिवस' बहुधा त्याचेच. ते साध्या औषधापेक्षा खरंच किती सरस, यावर अभ्यासांचं एकमत नाही. मी वापरलेलं नाही.

खरोखर दोन-तीन दिवस हवे असतील तर स्नायूंमधल्या त्या फटीत बारीक नळी ठेवून वरून औषध देत राहावं लागतं. कापाची रेघ मधोमध असली की नळ्या दोन, दोन्ही बाजूंना एकेक. त्या निसटतात, गळतात, चिकटपट्टी घामाने सुटते, आणि दर सहा-आठ तासांनी जाणकार हाताने औषध द्यावं लागतं. मोठ्या आतड्याच्या, यकृताच्या ऑपरेशनला एवढा व्याप सार्थ आहे. तिथेही मी बहुतेक वेळा पाठीतल्या एपिड्युरल नळीकडे वळते. पिशवीच्या ऑपरेशनला एवढं नको.

आता ते, जे वहिनींच्या बाबतीत बहुधा कुणी सांगितलं नसावं. टॅप ब्लॉक फक्त भिंत बधिर करतो, घर नाही. पिशवी काढल्यावर आत ओटीपोटात पाळीसारखी जी कळ येते, खाली ओढल्यासारखं होतं, ते दुखणं वेगळ्या नसांनी जातं. ब्लॉक कितीही लांबवा, ते राहणार. पहिले काही तास कमरेतली भूल त्यालाही झाकते, म्हणून कळत नाही. त्यामुळे "ब्लॉक फेल गेला" म्हणणाऱ्या पेशंटला मी विचारते, खोकल्यावर टाक्यात दुखतं की नुसतं पडल्या पडल्या आत कळा येतात? टाक्यात दुखत असेल तर ब्लॉकचा प्रश्न. आत कळा असतील तर गोळ्या-इंजेक्शनांचं काम.

या आतल्या दुखण्यावर एक चांगला उपाय कमरेतल्या भुलीतच आहे. त्याच सुईतून १०० ते १५० मायक्रोग्रॅम मॉर्फीन दिलं की १८ ते २४ तास आतलं-बाहेरचं दोन्ही दुखणं खाली राहतं. मग ब्लॉकने फारशी भर पडत नाही. पण अंगाला, विशेषतः नाकाला, खाज सुटते, उलटी होते आणि क्वचित मध्यरात्री श्वास मंदावतो. म्हणून रात्रभर तासातासाला श्वास मोजणारं माणूस हवं. शिवाय मॉर्फीन ठेवायला परवानगी आणि नोंदवह्या लागतात, त्यामुळे छोट्या दवाखान्यांत ते नसतं. ब्लॉक वापरण्याचं एक साधं कारण हेच, की तो रात्रीच्या एका सिस्टरच्या भरवशावर चालतो.

आता माझी चूक सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी मार्केट यार्डातला एक हमाल हर्नियासाठी आला होता. हळदीची पोती उचलून उचलून भिंत सुटलेली. ब्लॉक असा सुरेख लागला की संध्याकाळी राउंडला गेले तर गडी मांडी घालून बसलेला. मी खूश. सिस्टरला सांगितलं, "दुखलं तर गोळी द्या." नऊ वाजता सिस्टर गोळी घेऊन गेली तर म्हणाला, "दुखतच न्हाय तर गोळी कशापायी खायची?" आणि उशाखाली ठेवली. दोन वाजता मला फोन. गेले तेव्हा तो कॉटचा दांडा धरून घामाघूम बसला होता. इंजेक्शन देऊन दुखणं आटोक्यात यायला तास लागला, आणि तेवढ्या वेळात तो मला एकच वाक्य परत परत म्हणत होता: "बाई, तुमी म्हणला हुता दुखनार न्हाय." गडी चुकला नव्हता. 'दुखलं तर' हे माझे शब्द चुकले होते. ब्लॉक उतरतो तेव्हा दुखणं पायरी पायरीने येत नाही, झाकण निघाल्यासारखं एकदम येतं, आणि गोळीला काम करायला पाऊण-एक तास लागतो.

तेव्हापासून केसपेपरवर मी घड्याळ लिहिते. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दुखो वा न दुखो: शिरेतून दुपारी एकला, संध्याकाळी सातला, रात्री एकला. वजन ५० किलोच्या वर असेल तर एका वेळी एक ग्रॅम, दिवसात चारच्या वर नाही. जोडीला डायक्लोफिनॅकसारखं दुसरं औषध, मूत्रपिंड चांगलं असेल तरच. नऊ वर्षं मधुमेह असलेल्या बाईंचं क्रिएटिनिन बघितल्याशिवाय मी ते लिहीत नाही. पित्ताचा अल्सर असेल तरीही नाही. आणि त्यावरही दुखलं तर ट्रॅमाडॉल, उलटीच्या औषधासह, सिस्टरने डॉक्टरांना न उठवता देता येईल असं आधीच लिहिलेलं. एवढं असेल तर ब्लॉक आठ तासांत उतरला काय आणि सोळा तासांत काय, बाई झोपतात. हे नसेल तर जोडऔषध घालून आपण ती वाईट वेळ फक्त रात्री एकवरून पहाटे पाचवर ढकलली.

म्हणून 'डेक्सा घाला' असं मागू नका. मागायचंच तर दोन गोष्टी विचारा. ब्लॉक साधारण किती वाजता उतरेल? आणि त्याच्या तासभर आधी कुठलं औषध लिहिलं आहे? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. सोबत राहणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर त्या वेळेचा गजर लावा. औषध स्वतः देऊ नका, सिस्टरला आठवण करा.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ब्लॉकचं औषध कधीकधी खाली झिरपून मांडीच्या नसेपर्यंत जातं आणि एका पायाचा गुडघा काही तास लुळा पडतो. घाबरायचं नाही, उतरतं. पण पहिल्यांदा संडासला नेताना दोघांनी धरा, एकट्या सुनेच्या खांद्यावर सोडू नका. दुसरं, औषधं वेळेवर देऊनही दुखणं वाढतच चाललं, पोट फुगलं, नाडी जोरात, ताप किंवा चक्कर, तर "ब्लॉक उतरला असेल" म्हणून सकाळची वाट बघू नका. ते आत रक्तस्राव किंवा दुसरं काही असू शकतं. सर्जनला तेव्हाच उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आणि आईंचं वजन तुम्ही कळवलेलं नाही. वर केलेला सगळा हिशेब वजनावर चालतो. मागच्या वर्षीच्या कागदावरचं नको. या आठवड्यात चप्पल काढून काट्यावर उभं करा आणि आकडा लिहून भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या.